चिमूटभर राख आणि मणभर धान्य

पापड करणाऱ्या गृहिणीला पापडखाराचे प्रमाण विचारले, तर ती ते बहुधा चिमटीने दाखवील. उडदाच्या पिठाच्या मानाने तो खार किती थोडा! पण तो विसरला तर पापड फुलत नाही, आणि हात सैल सुटला तर पापड खाववत नाही. पीठ हे मुख्य आणि खार हा गौण, हे खरे. तथापि पापडाचे पापडपण पुष्कळसे त्या गौण वस्तूवर अवलंबून असते. आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो अशाच एका चिमटीचा आहे. ती चिमूट पडते ती मात्र पिठात नव्हे, तर लोखंडात. आणि तिच्यातून निघते ते जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न.

विषय अवजड वाटू नये म्हणून त्याची सुरुवात आपल्या इंदुरापासूनच करू. १९२४ साली इंदूर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे वनस्पतिउद्योगाची एक संशोधन संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. कापसाच्या शेतीची सुधारणा हा संस्थेचा प्रधान हेतू. पण हॉवर्डसाहेबांचे लक्ष लवकरच जमिनीच्या सुपीकतेकडे वळले. माळव्याच्या काळ्या मातीतून पीक निघते, धान्याबरोबर मातीतला नायट्रोजनही शेताबाहेर जातो, आणि तो परत कसा आणावयाचा, हा तो प्रश्न होय. शेणाच्या गोवऱ्या होतात, पऱ्हाट्या चुलीत जातात, गोठ्यातले मूत्र जमिनीत मुरून वाया जाते. ह्या सर्व टाकाऊ वस्तूंचे शास्त्रशुद्ध रीतीने खत करण्याची जी पद्धती येथे सिद्ध झाली, तिला साऱ्या जगात ‘इंदूर पद्धती’ असेच नाव आहे. तिची रासायनिक बाजू सांभाळणारे हॉवर्डांचे सहकारी म्हणजे यशवंत वाड. दोघांनी मिळून लिहिलेला ह्या विषयावरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी हॉवर्ड हिंदुस्थान सोडून गेले.

ह्या पद्धतीत सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल अशा उथळ खड्ड्यात पऱ्हाट्या, तुरीचा काड, उसाचे पाचट आणि गोठ्यातले अंथरूण ह्यांचे थर घालावयाचे. शेणकाल्याने ते भिजवावयाचे. आणि त्यांवर मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती व लाकडाची राख भुरभुरावयाची. तीनदा खालीवर केले म्हणजे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार! ह्यातल्या राखेकडे लक्ष द्यावे. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आम्ल तयार होते, आणि आम्ल वाढले की कुजविणारे सूक्ष्म जीव मंदावतात. राखेतला पोटॅश, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकातला जवखार, ते आम्ल मारतो आणि जिवाणूंचे काम सुरळीत चालते. पुढे तो पिकालाही पोसतो. परंतु ढिगात असताना त्याचे काम दुसऱ्याच्या कामाला हातभार लावणे, एवढेच आहे.

इंदुरात हे प्रयोग चालले असताना जर्मनीत ह्याच नायट्रोजनसाठी एक अगदी निराळा मार्ग रूढ होऊन पंधरावीस वर्षे झाली होती. तो मार्ग कारखान्याचा, पोलादाचा आणि प्रचंड दाबाचा. हॉवर्ड त्या मार्गाचे कडवे टीकाकार होते. नवल असे की, त्या मार्गावरही काम साधले ते पोटॅशच्या चिमटीनेच. त्या चिमटीचा इतिहास आता पाहावयाचा आहे.

हवेचे सुमारे चार पंचमांश भाग नायट्रोजनचे. आपण त्याच्या समुद्रात बुडालेले आहोत, पण पिकाला तो घेता येत नाही. कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून बसलेले असतात. तो बंध तुटल्यावाचून खत नाही. १८९८ साली विल्यम क्रुक्स ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रिस्टल येथील भाषणात असा इशारा दिला की, गव्हाची जमीन थकत चालली आहे, चिली देशातील सोऱ्याचे साठे कधी तरी संपणार, आणि हवेतला नायट्रोजन बांधण्याची युक्ती रसायनज्ञांनी शोधली नाही तर उपासमार अटळ आहे.

ती युक्ती शोधली फ्रिट्झ हाबर ह्यांनी. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूऽ येथील प्रयोगशाळेत हाबर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल ह्यांनी नायट्रोजन व हायड्रोजन हे वायू प्रचंड दाबाखाली तापवून ऑस्मियम नावाच्या धातूवरून नेले, आणि बाहेर द्रव अमोनिया थेंबाथेंबाने पडू लागला. येथे ऑस्मियम हा उत्प्रेरक होय. उत्प्रेरक म्हणजे जो विक्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही असा पदार्थ. लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थाशी त्याची तुलना नेहमी करतात, आणि ती पुष्कळ अंशी योग्यही आहे.

मध्यस्थ उत्तम होता, पण दुर्मीळ. साऱ्या जगात ऑस्मियमचा साठा काही शंभर किलोंच्या आसपास. त्यावर जगाची शेती कशी चालणार? हाबरची युक्ती विकत घेणाऱ्या बी.ए.एस.एफ. ह्या कंपनीत कार्ल बॉश ह्यांनी यंत्राची बाजू घेतली, आणि स्वस्त उत्प्रेरक शोधण्याचे काम आल्विन मिटाश ह्यांच्याकडे आले.

मिटाश ह्यांची काम करण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी लहान लहान भट्ट्यांची एक रांगच उभी केली. प्रत्येक भट्टीत सुमारे दोन ग्रॅम पदार्थ ठेवावयाचा, वायू सोडावयाचा, किती अमोनिया होतो ते मोजावयाचे आणि पुढचा पदार्थ घ्यावयाचा. शुद्ध लोखंड त्यांनी अर्थातच तपासले. त्याने निराशा केली. मग नोव्हेंबर १९०९ मध्ये स्वीडनमधील येलिव्हारे येथील खाणीतला लोहखनिजाचा एक नमुना भट्टीत पडला, आणि अमोनिया भरभरून निघू लागला. शुद्ध धातू हरला आणि खाणीतला अशुद्ध दगड जिंकला!

दुसरा एखादा रसायनज्ञ असता तर खाणीतला दगड मागवून स्वस्थ बसला असता. मिटाश ह्यांनी विचारले, ह्या दगडात लोहाखेरीज असे काय आहे? मग शुद्ध लोह-ऑक्साइडात एकेक पदार्थ मुद्दाम मिसळून पाहण्याचा सपाटा सुरू झाला. १९१२पर्यंत सुमारे अडीच हजार मिश्रणांच्या साडेसहा हजार परीक्षा झाल्या. गंधक, क्लोरीन, फॉस्फरस हे विष ठरले. त्यांचा लेशही लोखंडाचे काम बंद पाडी. काही पदार्थ उदासीन निघाले. आणि थोडे असे निघाले की, ते एकटे काहीच करीत नाहीत, पण लोहाच्या संगतीत लोहाला अनेक पटींनी कार्यक्षम करतात. त्यांना आपण ‘वर्धक’ म्हणू. अखेर कृती ठरली ती अशी: लोह-ऑक्साइड वितळवावे, त्यात दोनतीन टक्के ॲल्युमिना आणि थोडा चुना घालावा, आणि शेवटी सुमारे एक टक्का पोटॅश. पोटॅश कमी पडला तर उत्पन्न घटते. अधिक झाला तर लोह झाकून जाते आणि पुन्हा उत्पन्न घटते. गृहिणीच्या चिमटीसारखेच हे आहे.

सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊ येथे पहिला कारखाना चालू झाला. एका वर्षाच्या आत महायुद्ध पेटले. चिलीचा सोरा जर्मनीला मिळेनासा झाला, आणि खतासाठी शोधलेल्या अमोनियापासून नायट्रिक आम्ल व त्यापासून दारूगोळा होऊ लागला. खुद्द हाबर विषारी वायूच्या कामात गढले. अन्नाच्या शोधाचे युद्धाच्या साधनात असे रूपांतर व्हावे, ही विसाव्या शतकाची एक शोकांतिका आहे. हाबर ह्यांना १९१८चे, तर बॉश ह्यांना १९३१चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिटाश ह्यांच्या वाट्याला ते आले नाही. पण त्यांनी ठरविलेली कृती आज शंभरांहून अधिक वर्षांनंतरही, थोड्याफार फरकाने, जगभरच्या कारखान्यांत चालू आहे.

आता खरा प्रश्न. ती चिमूट करते काय? कारखाने चालले, शेते पिकली. पण ह्या प्रश्नाचे उत्तर कित्येक दशके कोणालाच नीट देता आले नाही. ॲल्युमिनाचे काम तुलनेने लवकर उमगले. तापलेल्या भट्टीत लोहाचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ पाहतात. ॲल्युमिना मध्ये बसून त्यांना वेगळे ठेवतो आणि लोहाचा पृष्ठभाग मोठा राहतो. भाताची शिते मोकळी राहावीत म्हणून आपण तुपाचा थेंब टाकतो, तसे हे समजावे. पोटॅशचे मात्र असे नव्हते. त्याने पृष्ठभाग वाढत नाही. उलट थोडा घटतो. तरीही अमोनिया वाढतो!

पहिला धागा अमेरिकेत मिळाला, आणि तोही विजेच्या दिव्यांच्या अभ्यासात. १९२०नंतरच्या दशकात अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनी टंगस्टनच्या तारेवर सीझियमची वाफ सोडली. सीझियम हा सोडियम, पोटॅशियम ह्यांचाच भाऊबंद, अल्कली कुळातला धातू. ह्या कुळाचा स्वभाव दानशूर आहे. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकुलता एक इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकावयास हे अणू सदैव तयार असतात. टंगस्टनवर बसताच सीझियमने आपला इलेक्ट्रॉन धातूला देऊन टाकला, आणि तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे कितीतरी सोपे झाले. पृष्ठावर पसरलेला अणूंचा एक पातळ थर साऱ्या धातूचे वर्तन बदलू शकतो, हे त्यावरून दिसले.

दुसरा धागा वॉशिंग्टनच्या सरकारी नायट्रोजन प्रयोगशाळेतून आला. पॉल एमेट आणि स्टीफन ब्रुनावर ह्यांनी १९३०नंतर पृष्ठभाग मोजण्याची मोठी चतुर रीत बसविली. घन पदार्थाच्या पृष्ठावर वायूचे रेणू चिकटून बसतात, त्याला अधिशोषण म्हणतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू उघड्या लोहाला चिकटतो. कार्बन डायऑक्साइड हा अल्कलीला चिकटतो. मग दोन्ही वायू किती किती शोषले गेले ते मोजले की, पृष्ठावर लोहाचा वाटा किती आणि अल्कलीचा किती हे कळते. हिशेब आला तो चकित करणारा होता. वजनाने टक्का-दीड टक्का असलेला पोटॅश पृष्ठभागाचा फार मोठा भाग व्यापून बसलेला होता! म्हणजे चिमूट ही तराजूवर चिमूट होती. जेथे काम चालते त्या पृष्ठावर ती चिमूट नव्हतीच. लोहाच्या पोटात जाण्याऐवजी पोटॅश आपण होऊन वर येऊन पसरला होता.

तिसरा आणि निर्णायक धागा गेरहार्ट एर्टल ह्यांनी विणला. १९७०नंतर त्यांनी लोहाचे एकसंध स्फटिक घेतले, जवळजवळ निर्वात पात्रात त्यांचा पृष्ठभाग अणूगणिक स्वच्छ केला, आणि त्यांवर मोजून मापून नायट्रोजन सोडला. साऱ्या प्रक्रियेत सर्वांत मंद पायरी कोणती, तर नायट्रोजनची जोडी फुटण्याची, हे त्यांनी दाखवून दिले. मग त्याच स्फटिकावर थोडे पोटॅशियम बसविले; आणि जोडी फुटण्याचा वेग शेकडो पटींनी वाढला.

कारण असे की, पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन लोहाकडे सरकवितो. त्यामुळे शेजारी येऊन टेकलेल्या नायट्रोजनच्या रेणूला लोहाकडून इलेक्ट्रॉन मिळणे सुलभ होते. ते इलेक्ट्रॉन रेणूतल्या अशा जागी शिरतात की, तेथे गेल्यावर ते बंध बळकट न करता सैल करतात. रेणू लोहाला अधिक घट्ट धरतो आणि आपल्या जोडीदाराला अधिक सैल सोडतो. शेवटी जोडी फुटते, आणि सुटा झालेला नायट्रोजन हायड्रोजनशी संयोग पावून अमोनिया होतो. पुढील अभ्यासात पोटॅशची आणखी एक कामगिरी दिसली: तयार झालेला अमोनिया लोहावर रेंगाळू लागला तर नव्या नायट्रोजनला जागा उरत नाही, पोटॅशच्या सान्निध्यात अमोनिया लवकर जागा सोडतो. एकाच वेळी येणाऱ्याला घरात घेणे आणि जाणाऱ्याला निरोप देणे, अशी ही दुहेरी सेवा आहे. एर्टल ह्यांना २००७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बर्लिनच्या संस्थेत त्यांनी पुढचे काम केले तिला हाबर ह्यांचेच नाव आहे. भट्टीत पोटॅश पडला त्याला तोवर शतक होत आले होते.

आता हिंदुस्थानकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली तेव्हाच्या बिहारमधील सिंद्री येथे सरकारी खत कारखाना चालू झाला. आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील कारखाना १९६५ साली सुरू झाला, आणि अलिबागजवळच्या थळ येथील प्रचंड कारखाना १९८५च्या सुमारास. कोळसा, नाफ्था, पुढे मुंबई हायचा नैसर्गिक वायू, असा कच्चा माल बदलत गेला; कारण नायट्रोजन हवेतून फुकट मिळतो, पण हायड्रोजन कशातून तरी काढावा लागतो.

आणि येथे अल्कलीची चिमूट पुन्हा भेटते. नाफ्थाची किंवा वायूची वाफेशी विक्रिया करून हायड्रोजन काढण्यासाठी निकेल हा उत्प्रेरक लागतो. तो सुटा वापरीत नाहीत. उष्णता सोसणाऱ्या चिनीमातीसारख्या सच्छिद्र आधारद्रव्यावर त्याचे सूक्ष्म कण बसवितात. नाफ्था वापरताना अडचण अशी येई की, निकेलवर आणि आधारावर काजळी धरे. दिव्याची वात काजळली की उजेड मंदावतो, तसा उत्प्रेरक मंदावे. १९६०च्या सुमारास इंग्लंडातील आय.सी.आय. कंपनीच्या रसायनज्ञांनी त्यावर तोड काढली ती पोटॅशचीच. आधारद्रव्यातल्या आम्लधर्मी जागा नाफ्थाचे तुकडे पाडून काजळी वाढवितात; पोटॅश त्या जागा निष्प्रभ करतो. शिवाय साचू लागलेला कोळसा वाफेकडून जाळून घेण्यास तो मदत करतो. पण वाफेबरोबर पोटॅश हळूहळू उडून जातो आणि पुढच्या नळ्यांत त्रास देतो. म्हणून तो ॲल्युमिना आणि सिलिका ह्यांच्याशी बांधून ठेवतात, म्हणजे तो जरुरीपुरताच सुटत राहतो. पाहावे तर, येथे इलेक्ट्रॉनच्या दानापेक्षा आम्ल मारण्याचे काम पुढे आहे. म्हणजे इंदूरच्या खड्ड्यात राख जे करीत होती त्याच्याच जातीचे!

अलीकडचा अध्याय जपानचा आहे. १९७२ साली आइका, ओझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या आधारावर रुथेनियम हा धातू बसवून त्याला अल्कली धातूंची जोड दिली, आणि लोहापेक्षा सौम्य परिस्थितीत अमोनिया केला. सोडियमपेक्षा पोटॅशियम सरस, आणि पोटॅशियमपेक्षा सीझियम; जो इलेक्ट्रॉन देण्यात अधिक उदार, तो वर्धक म्हणून अधिक चांगला. ह्याच तत्त्वावरचा पहिला मोठा कारखाना १९९२ साली कॅनडातील किटिमॅट येथे चालू झाला. रुथेनियम महाग असल्याने लोह अद्याप मागे हटलेले नाही. तरीही हा शोध चालू राहणे अगत्याचे आहे. चारशे ते पाचशे अंश उष्णता आणि वातावरणाच्या दीडदोनशे पट दाब हे सांभाळण्यासाठी आणि हायड्रोजन काढण्यासाठी जगातील ऊर्जेचा एक ते दोन टक्के भाग ह्या एका उद्योगात खर्च होतो, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चिमटीची निवड अधिक चांगली साधली तर तो दाब आणि ती उष्णता उतरेल.

मग हॉवर्ड आणि वाड ह्यांचे काय? १९४० साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हॉवर्डांनी कृत्रिम खतांवर भरडून टीका केली. जमीन ही नायट्रोजनची पेटी नव्हे, ती जिवंत वस्तू आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे सगळेच म्हणणे मान्य करणे कठीण आहे. कारखान्यातला अमोनिया एकाएकी बंद झाला तर अब्जावधी लोकांच्या ताटात काय वाढावयाचे, ह्याचे उत्तर एकट्या खतखड्ड्यापाशी नाही. पण निव्वळ युरियावर पोसलेल्या जमिनीतला सेंद्रिय अंश घटत जातो, आणि पिकाने न घेतलेला नायट्रोजन विहिरींच्या पाण्यात उतरतो, हेही आता नाकारता येत नाही. ज्या इंदुरात राखेचा खड्डा झाला, त्याच इंदुरात १९८७ साली सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू तोच तिहेरी बंध साध्या मातीच्या उष्णतेत आणि साध्या हवेच्या दाबात तोडीत असतात. त्यांच्या विकरातही लोह आहे, आणि त्यालाही इलेक्ट्रॉन पुरवावे लागतातच. जे शिकावयाला माणसाला शंभर वर्षे लागली, त्याचा धडा माळव्याच्या शेतात केव्हाचाच चालू आहे.

ह्या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, हाताने साधलेली कृती बुद्धीला उमगण्यास पुष्कळ काळ लागू शकतो, आणि म्हणून कृतीला कमी लेखू नये. पण उमगल्यावाचून तिच्यात मोठी सुधारणाही होत नाही. मिटाश ह्यांच्या हजारो परीक्षांनी जगाला अन्न दिले. एर्टल ह्यांच्या स्फटिकांनी पुढची वाट दाखविली. दुसरी गोष्ट अशी की, एखाद्या वस्तूचे मोल तिच्या वजनावरून ठरवू नये. ती कोठे जाऊन बसते आणि शेजाऱ्याला काय देते, ते पाहावे. लोखंडातल्या एका टक्क्याने ते सिद्ध करून दाखविले आहे. आणि खतखड्ड्यावर मूठभर राख टाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ते सांगण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडू नये.